'द ट्विस्ट': मागच्या बाजूवरून दोनदा अव्वल

अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' हे नियतकालिक दर आठवड्याला शंभर गाजत्या गाण्यांची यादी छापतं. 'हॉट १००' हे तिचं नाव, १९५८च्या ऑगस्टपासून ती सुरू आहे. गाणं या यादीत शिरतं, चढतं, काही आठवडे टिकतं आणि उतरतं. एकदा यादीबाहेर गेलेली तबकडी वर्षभराने परत येऊन थेट पहिला क्रमांक पटकावते, असं सहसा होत नाही. चबी चेकर या गायकाच्या 'द ट्विस्ट'च्या बाबतीत ते झालं. १९ सप्टेंबर १९६०च्या यादीत ते पहिलं होतं. मग हळूहळू गायब झालं. आणि १३ जानेवारी १९६२च्या यादीत तेच ध्वनिमुद्रण, एक सूरही न बदलता, पुन्हा पहिल्या क्रमांकावर. पुढे मरायाह कॅरीच्या नाताळच्या गाण्याने २०१९पासून लागोपाठ कित्येक वर्षं हे साधलं, पण नाताळ दरवर्षी येतोच. 'द ट्विस्ट'च्या मदतीला कुठला सण नव्हता.

आणि मुळात हे गाणं चबी चेकरचं नव्हतंच. ते लिहिलं आणि आधी गायलं हँक बॅलर्डने, आपल्या 'मिडनायटर्स' या गटाबरोबर. तेही तबकडीच्या मागच्या बाजूला, जिथे कंपन्या भरतीचा माल टाकत. एकाने गायलेलं, ध्वनिमुद्रित झालेलं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाऊन तबकडी काढली, की त्याला 'कव्हर' म्हणतात. आज कव्हर म्हटलं की आपल्याला यूट्यूबवर गिटार घेऊन बसलेला कोणीतरी आठवतो. १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत तो रोकडा धंदा होता, आणि तो कळल्याशिवाय 'द ट्विस्ट'ची गोष्ट कळत नाही.

आधी तबकडीबद्दल. त्या काळी गाणी 'सिंगल'वर विकली जात. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, सात इंची तबकडी, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. ज्या गाण्यावर कंपनीची भिस्त ते 'ए' बाजूला, उरलेलं 'बी' बाजूला. रेडिओवाल्यांनी ए बाजू वाजवावी अशी अपेक्षा असे, आणि बहुतेक वेळा ते तेवढीच वाजवत. दुसरी गोष्ट याद्यांची. गोऱ्या श्रोत्यांची 'पॉप' यादी वेगळी आणि काळ्या श्रोत्यांची 'आर अँड बी', म्हणजे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' यादी वेगळी. दुकानं वेगळी, रेडिओ केंद्रं वेगळी. काळ्या वस्तीत तुफान चाललेलं गाणं शेजारच्या गोऱ्या वस्तीत कोणी ऐकलेलंही नसे.

या भिंतीतूनच कव्हरचा धंदा उभा राहिला. आर अँड बी यादीत एखादं गाणं चढताना दिसलं, की मोठी कंपनी ते गोऱ्या गायकाकडून झटपट गाऊन घ्यायची आणि पॉप बाजारात उतरवायची. लव्हर्न बेकर या काळ्या गायिकेचं 'ट्वीडल डी' १९५५ साली पॉप यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. जॉर्जिया गिब्जने तेच गाणं जवळजवळ त्याच वाद्यमेळासह म्हटलं आणि ती दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. बेकर इतकी चिडली, की तिने मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून असल्या हुबेहूब नकलांना बंदी घालणारा कायदा मागितला. तो कधी झाला नाही.

का झाला नाही, हे समजायला कायद्यात जरा शिरावं लागेल. गाण्यात दोन गोष्टी असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण, म्हणजे हा गळा, हे वाद्य, हा ठेका. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने रचनेला संरक्षण दिलं होतं, ध्वनिमुद्रणाला नाही. त्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण १९७२ साली मिळालं. शिवाय १९०९च्या कायद्यात एक तरतूद अशी, की रचना एकदा मालकाच्या संमतीने ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली, की पुढे कोणीही ती ध्वनिमुद्रित करू शकतो. मालक नाही म्हणू शकत नाही. ठरलेला दर भरला की झालं. हा दर किती? प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट. १९०९ साली ठरलेला हा आकडा १९७८ उजाडेपर्यंत हलला नाही. साधारणपणे त्यातला निम्मा प्रकाशकाच्या खिशात जाई आणि निम्मा लिहिणाऱ्याच्या. मूळ गायकाने गाण्यात काय ओतलं, त्याच्या गटाने ठेका कसा बांधला, याचे पैसे शून्य. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तरी मानधन लिहिणाऱ्याला मिळतं, गाणाऱ्याला नाही. एफएम-एएम केंद्रांच्या बाबतीत ते आजही तसंच आहे.

तर अशा जगात हँक बॅलर्ड वावरत होता. डेट्रॉइटला जन्म, अलाबामात बालपण, परत डेट्रॉइटला येऊन फोर्डच्या कारखान्यात काम, आणि तिथून 'रॉयल्स' या गायकगटात. दुसऱ्या एका गटाशी नावाचा घोळ होऊ लागला म्हणून 'रॉयल्स'चे 'मिडनायटर्स' झाले. १९५४ साली त्यांचं 'वर्क विथ मी, ॲनी' आलं. गाणं चावट होतं, आडवळणानेही चावट नव्हतं. कित्येक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला आणि आर अँड बी यादीत ते पहिलं आलं. त्याला उत्तर म्हणून एटा जेम्स या किशोरवयीन गायिकेने त्याच चालीवर 'द वॉलफ्लॉवर' गायलं, तेही आर अँड बीत पहिलं. मग जॉर्जिया गिब्ज पुन्हा आली. तिने शब्द सोवळे करून 'डान्स विथ मी, हेन्री' काढलं आणि ते पॉप यादीत पहिलं आलं. म्हणजे आपली चाल दुसऱ्याच्या गळ्यातून शिखरावर जाते, हा अनुभव बॅलर्डला १९५५ सालीच आला होता. त्या गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव होतं, एवढं समाधान.

'द ट्विस्ट'ची चालही काही आभाळातून पडली नव्हती. १९५५ सालच्या 'ड्रिफ्टर्स'च्या 'व्हॉट्चा गॉना डू'मध्ये ती जवळजवळ तशीच आहे. ती उचलून मिडनायटर्सनी १९५७ साली 'इज युअर लव्ह फॉर रिअल' केलं. ते चाललं नाही, म्हणून त्याच चालीवर नवे शब्द. चालीचा सांगाडा बारा मात्राखंडांच्या ब्लूजचा: तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे संच), ठरलेल्या क्रमाने, बारा खंडांचा एक फेरा, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या काळातली निम्मी नाचगाणी याच सांगाड्यावर उभी आहेत, त्यामुळे इथे चोरी कोणी कोणाची केली हे शोधणं निरर्थक. नावाची आणि नाचाची कल्पना कुठून आली, याच्या मात्र दोन कथा सांगतात. एक अशी, की 'सेन्सेशनल नाइटिंगेल्स' या भक्तिगीतं गाणाऱ्या गटातल्या जो जो वॉलेसकडून ती मिळाली. देवाची गाणी गाणाऱ्यांना कंबर हलवणारं गाणं काय कामाचं, म्हणून त्यांनी ते देऊन टाकलं. दुसरी बॅलर्डची स्वतःची: फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात त्याने पोरांना तसं नाचताना पाहिलं. मला पहिली कथा जास्त आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

नोव्हेंबर १९५८मध्ये सिनसिनाटीच्या 'किंग रेकॉर्ड्स'ने गाणं मुद्रित केलं. कंपनीचा मालक सिड नेथन याला त्यात दम वाटला नाही. १९५९च्या सुरुवातीला तबकडी निघाली तेव्हा ए बाजूला होतं 'टीअरड्रॉप्स ऑन युअर लेटर', हेन्री ग्लोव्हरने लिहिलेलं संथ रडगाणं. आर अँड बी यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे नेथनचा अंदाज धंद्याच्या हिशेबाने चुकला असंही म्हणता येत नाही. मागच्या बाजूचं 'द ट्विस्ट' सोळाव्यापर्यंत पोहोचलं आणि थांबलं. हेन्री ग्लोव्हर हे नाव मात्र लक्षात ठेवा.

मिडनायटर्स रंगमंचावर हे गाणं गाताना कंबर पिळून नाचत, आणि समोरची पोरं ते उचलत. बाल्टिमोरमध्ये ते फार पसरलं. तिथे बडी डीन याचा पोरापोरींच्या नाचाचा स्थानिक टीव्ही कार्यक्रम होता, आणि त्यातही ट्विस्ट दिसू लागला. डीनने ही बातमी फिलाडेल्फियाला डिक क्लार्कच्या कानावर घातली.

डिक क्लार्क म्हणजे त्या काळातला तरुण अमेरिकेचा दरवाजा. त्याचा 'अमेरिकन बँडस्टँड' ऑगस्ट १९५७पासून देशभर दिसत होता. दुपारी शाळा सुटली की पोरं टीव्हीसमोर बसत आणि फिलाडेल्फियातली त्यांच्याच वयाची पोरं नव्या तबकड्यांवर कशी नाचतात ते पाहत. गायक येत, पण गात नसत, तबकडीवर ओठ हलवत. रंगमंचावर काळे गायक असत; नाचणाऱ्या पोरांत मात्र त्याच शहरातल्या काळ्या पोरांना जवळजवळ थारा नव्हता. क्लार्कला ट्विस्ट हवा होता. बॅलर्डलाच का बोलावलं नाही? कोणी म्हणतं तो दौऱ्यांत अडकलेला होता, कोणी म्हणतं 'ॲनी'वाल्या चावट गाण्यांमुळे त्याचं नाव घराघरातल्या टीव्हीला परवडणारं नव्हतं. मला दुसरं कारण अधिक वजनदार वाटतं. १९६०च्या वसंतात क्लार्कला तबकडी धंद्यातल्या लाचखोरीच्या चौकशीत काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली होती. अशा वेळी तो आपल्या कार्यक्रमात वादाची नावं कशाला आणेल?

क्लार्कने गाणं सुचवलं ते फिलाडेल्फियातल्याच 'कॅमिओ-पार्कवे' कंपनीला. तिच्याकडे एक अठरा वर्षांचा पोरगा होता, अर्नेस्ट एव्हन्स. जन्म साउथ कॅरोलायनाचा, वाढला दक्षिण फिलाडेल्फियात, कोंबड्या विकणाऱ्या दुकानात काम करायचा आणि गिऱ्हाइकांना गायकांच्या नकला करून हसवायचा. क्लार्कला मित्रमंडळींसाठी नाताळची एक गमतीची तबकडी करायची होती, तिच्यासाठी त्याला बोलावलं गेलं. तिथे त्याने फॅट्स डॉमिनोची नक्कल केली. क्लार्कच्या बायकोने, बार्बराने, तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं: फॅट्स डॉमिनो तर हा चबी चेकर. 'फॅट्स' म्हणजे जाड्या आणि 'चबी' म्हणजे गुबगुबीत; डॉमिनो आणि चेकर दोन्ही बैठे खेळ. १९५९ सालचं त्याचं पहिलं बऱ्यापैकी चाललेलं गाणं 'द क्लास' हेही नकलांचंच होतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. कॅमिओ-पार्कवेने 'द ट्विस्ट' नव्या ढंगात गाऊ शकणारा गायक निवडला नाही, नकलाकार निवडला. त्याने बॅलर्डचं गाणं बॅलर्डसारखंच गायलं. चाल, गती, 'कम ऑन बेबी' म्हणतानाची फेक, सगळं मुळाबरहुकूम. दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकून पाहा. बॅलर्डच्या आवाजात थोडा खरखरीतपणा आहे, गटाचा आवाज कच्चा आणि जवळचा वाटतो. चेकरचं मुद्रण अधिक झळझळीत आहे, ड्रम पुढे, सॅक्सोफोन मोठा, मागे 'ड्रीमलव्हर्स' या गटाचा कोरस. चेकरचा गळा तरुण आणि निरागस. फरक आहे तो एवढाच. खुद्द बॅलर्डने पुढे सांगितलं, की मायामीत पोहत असताना त्याने रेडिओवर ते गाणं ऐकलं आणि आपलंच लागलंय असं समजून तो खूश झाला. गोऱ्यांच्या केंद्रांनी अखेर आपल्याला वाजवलं, असं त्याला वाटलं.

हे नेहमीच्या 'काळ्याचं गाणं गोऱ्याने लुटलं' या साच्यात नीट बसत नाही. इथे दोन्ही गायक काळे आहेत. भिंत रंगाचीच होती, पण या वेळी फाटक गोऱ्या गायकाने उघडलं नाही. ते टीव्हीने उघडलं, आणि आत कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्याला गुबगुबीत, हसरा, कोणालाही न दुखावणारा पोरगा हवा होता.

६ ऑगस्ट १९६०च्या शनिवारी क्लार्कच्या रात्रीच्या कार्यक्रमात चेकरने गाणं सादर केलं आणि नाच करून दाखवला. सहा आठवड्यांत तबकडी अव्वल. नाच कसा करायचा हे त्याने जन्मभर एकाच पद्धतीने सांगितलं: दोन्ही पायांनी सिगारेट विझवताय आणि त्याच वेळी आंघोळीनंतर टॉवेलने पार्श्वभाग पुसताय, असं समजा. याहून सोपी शिकवणी कुठल्या नाचाला नसेल, आणि तीच त्याची ताकद होती. त्याआधीचा जिटरबग किंवा लिंडी हॉप हा फुगडीसारखा प्रकार: हात धरायचे, एकाच्या ओढीवर दुसऱ्याने तोल सांभाळायचा, जोडीदाराशी जमलं नाही तर दोघंही पडायचे. ट्विस्टमध्ये कोणी कोणाला शिवतच नाही. पुरुषाने पुढाकार घ्यायचा आणि बाईने मागे जायचं, हा नियमच उरला नाही. जोडीदार नसला तरी चालतं. शिवाय गाण्याच्या नावातच नाचाची सूचना, त्यामुळे गाणं लागलं की काय करायचं हे विचारावं लागत नाही.

त्या लाटेत बॅलर्डचंही तारू थोडं पुढे सरकलं. किंगने त्याची मूळ तबकडी पुन्हा बाजारात आणली, ती पॉप यादीत २८व्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच उन्हाळ्यात त्याचं 'फिंगर पॉपिन टाइम' सातव्या क्रमांकावर पोहोचलं. एकाच वेळी त्याच्या गटाची तीन गाणी 'हॉट १००'मध्ये होती. म्हणजे कव्हरने त्याला झाकून टाकलं असं सरसकट म्हणता येत नाही. नाचाने उघडलेल्या फाटकातून तोही आत आला, फक्त दुसऱ्याच्या पाठोपाठ.

मग सगळं ओसरलं. चेकरने पुढचे नाच आणले. १९६१च्या सुरुवातीला 'पोनी टाइम' अव्वल ठरलं (तेही कव्हरच, मूळ डॉन कव्हेचं), आणि उन्हाळ्यात 'लेट्स ट्विस्ट अगेन' आलं, 'मागच्या उन्हाळ्यासारखं पुन्हा नाचू या' म्हणणारं. वर्षाच्या आत आठवणींचा बाजार मांडलेला पाहून हसू येतं, पण या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

दुसरी लाट मोठ्या माणसांची, आणि ती पूर्णपणे वेगळ्या वाटेने आली. न्यूयॉर्कमध्ये ४५व्या रस्त्यावर 'पेपरमिंट लाउंज' नावाचा छोटा, फारसा प्रतिष्ठित नसलेला बार होता. तिथे 'जोई डी अँड द स्टारलाइटर्स' वाजवत. १९६१च्या शरदात कसं कोण जाणे श्रीमंतांना त्याचा शोध लागला. वर्तमानपत्रांच्या उच्चभ्रू-वार्ता सदरांत त्याचं नाव झळकलं, आणि बघता बघता दारात लिमोझिन आणि पोलीस. नटी ग्रेटा गार्बो आली, लेखक ट्रुमन कपोटी आला. पोरांचा वर्षभर जुना, टाकून दिलेला नाच फर कोट घातलेल्या बायका शिकू लागल्या. २२ ऑक्टोबरला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात, म्हणजे कुटुंबाने एकत्र बसून पाहायच्या कार्यक्रमात, चेकरने ट्विस्ट केला. पोरांकडे तबकडी आधीपासून होती. आता ती आईबापांनी विकत घेतली. जानेवारी १९६२मध्ये ती दुसऱ्यांदा अव्वल ठरली यामागे हे साधं गणित आहे. एकच माल, दोन पिढ्यांची गिऱ्हाइकं, दीड वर्षाच्या अंतराने.

दोन आठवड्यांनी तिला पहिल्या क्रमांकावरून ढकललं ते जोई डीच्या 'पेपरमिंट ट्विस्ट'ने. त्याचा सहलेखक कोण? हेन्री ग्लोव्हर. ज्याच्या संथ गाण्यामागे 'द ट्विस्ट' लपलं होतं, तोच तीन वर्षांनी ट्विस्ट लिहून त्याला खाली खेचतो, हे मला या गोष्टीतलं सर्वांत सुरेख वळण वाटतं.

विरोधही झाला. बफेलोच्या कॅथलिक बिशपनी आपल्या अखत्यारीतल्या शाळांत ट्विस्टला बंदी केली. माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मे १९६२मध्ये ॲबिलीनला आपल्या ग्रंथालयाच्या समारंभात ट्विस्टचं नाव घेऊन, देशाची अभिरुची आणि सभ्यता कुठे चालली आहे, अशी खंत व्यक्त केली. बंदी आणि खंत यांनी नाच थांबल्याचं उदाहरण मला माहीत नाही.

मुंबईला ट्विस्ट पोहोचला तोही चेकरच्याच वाटेने. १९६५च्या 'भूत बंगला' चित्रपटातलं राहुलदेव बर्मन यांनी संगीत दिलेलं, मन्ना डेंनी गायलेलं 'आओ ट्विस्ट करें' ऐका. त्यावर 'लेट्स ट्विस्ट अगेन'ची छाप लपत नाही. शास्त्रीय बैठक पक्की असलेल्या मन्ना डेंना ते इतकं सहज जमलं, ही वेगळी कौतुकाची बाब. बॅलर्डचं नाव त्या गाण्याच्या आसपासही फिरकलं नाही, आणि फिरकण्याचं कारणही नव्हतं. इथवर आलेली चाल पुढच्या गाण्याची होती.

मग फायदा कोणाचा झाला? कायद्याच्या हिशेबात बॅलर्डचा. 'द ट्विस्ट'चा लेखक म्हणून श्रेय त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे चेकरच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीवर त्याचा वाटा होता. कीर्तीच्या हिशेबात चेकरचा, पण तोही समाधानी नव्हता. ट्विस्टने आपल्यातल्या गंभीर गायकाचा बळी घेतला, अशी त्याची तक्रार होती. लोकांना त्याच्याकडून दुसरं काही नकोच असे. २००१ साली त्याने 'बिलबोर्ड'मध्ये पानभर जाहिरात देऊन क्लीव्हलंडच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या, म्हणजे या संगीतातल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या संस्थेच्या, आवारात स्वतःचा पुतळा मागितला. त्याचं म्हणणं असं, की संगीतावर जोडीदारापासून सुटं होऊन नाचायला जगाला आपण शिकवलं. दावा फुगवलेला आहे, पण पोकळ नाही.

हॉल ऑफ फेमने बॅलर्डला १९९० सालीच आत घेतलं होतं. त्याचं निधन २००३ साली झालं, मिडनायटर्सचा समावेश त्यानंतर, २०१२ साली झाला. 'बिलबोर्ड'ने २००८ साली यादीच्या पन्नाशीनिमित्त आजवरच्या सर्वांत यशस्वी गाण्यांची क्रमवारी लावली, तिच्यात चेकरचं 'द ट्विस्ट' पहिलं होतं. ती जागा २०२१ साली 'द वीकेंड'च्या 'ब्लाइंडिंग लाइट्स'ने घेतली. आणि चेकरला हॉल ऑफ फेमचं दार उघडलं २०२५ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी.